सुभेदारकाकांनी पुसलेलं ‘नापास’

सुभेदारकाका गेल्याचं काकूंच्या फोनने कळलं, त्याला आता महिना होईल. फौजेतून निवृत्त झालेले काका मूळचे रत्नागिरीकडचे, मी पूर्वी नवघरला होतो तेव्हा समोरच्याच घरात राहायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. मी नेमकं काय काम करतो, हे बसवून घेऊन विचारणारे मात्र काकाच...

आमची छोटी कंपनी जवानांसाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा सराव तयार करत होती. डोळ्यांवर हेल्मेटएवढं जड यंत्र चढवलं की समोर डोंगरातली वाट दिसायची, मध्येच स्फोट व्हायचा. बोटाला लावलेला चिमटा नाडी मोजायचा. तणाव इथे सोसायची सवय झाली, तर जवान सीमेवर सावरेल, ही कल्पना. पण फौजेच्या प्रशिक्षकांनी सराव परत पाठवला होता. नाडी चढू नये म्हणून मुलं नुसता श्वास रोखून बसतात, शिकत काही नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पुन्हा नाकारला असता तर काम बंद, आणि मी परत गावी.

एका रविवारी यंत्र घरी आणून काकांना बसवलं. स्फोट झालाच नव्हता, वाटेवर नुसती शांतता होती. तरी नाडी चढली आणि पडदा लाल झाला : ‘नापास’.

“तीस वर्षं फौजेत काढली, आणि तू मला नापास करतोयस?”

काकांना चहाला बोलवायला आलेल्या काकू दारातूनच म्हणाल्या, “बरं झालं, कोणीतरी केलं एकदाचं!”

काका हसले. मग यंत्र काढून मांडीवर घेतलं.

“नाडी चढणारच रे. पहिल्या गस्तीला माझे पाय जागचे हलेनात. हवालदार म्हणाला, बुटातली बोटं हलव. पाय आपलेच आहेत एवढं कळलं, की पुढचं पाऊल पडतं... चढलेली नाडी उतरवायची कशी, ते शिकव. मार्क कसले देतोस?”

परीक्षा देत देतच मी वर आलो; मला सगळीकडे पास-नापासच दिसायचं. ते मी काढलं. आता नाडी चढली की चित्र थांबायचं, यंत्र पायाची बोटं हलवायला सांगायचं, आणि नाडी उतरेपर्यंत वाट बघायचं. सराव स्वीकारला गेला. माझी नोकरी राहिली.

परवा हे सगळं काकूंना सांगायला, खरं तर आभार मानायला गेलो. त्यांनी मलाच थांबवलं.

“त्या दिवशी दारात ऐकलं, तेव्हा कळलं मला, यांनाही भीती वाटते. गेल्या महिन्यात ऑपरेशनच्या आधी म्हणाले, ‘घाबरायला होतंय गं.’ इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, होऊ दे, मी आहे ना. आत न्यायला माणसं आली तरी माझा हात सोडत नव्हते... एवढे मोठे सुभेदार!”