मास्तरांचे किडे

"आधी चिखलाला विचारून या," असे मास्तर म्हणायचे. विहीर कुठे खणावी असे कुणी विचारले तरी हेच, आणि शाळेतल्या पोराने ढग का गडगडतात असे विचारले तरी हेच. ढगांचा चिखलाशी काय संबंध, ते मला आजतागायत कळलेले नाही.

ते अलिबागच्या शाळेत शास्त्र शिकवत. माझे मिठागर धरमतरच्या खाडीकाठी. ओहोटी लागली की हा माणूस धोतर खोचून, छत्री उघडून चिखलात उतरायचा आणि किडे-खेकडे सरपटून गेल्यावर मागे राहणाऱ्या रेघा बघत बसायचा. थळच्या कोळणींना वाटले, मास्तरांची अंगठी हरवली. दोघीतिघी बिचाऱ्या वाकून शोधू लागल्या. पुढे कधीही भेट झाली की विचारायच्या, "मास्तर, गावली का अंगठी?" मास्तर गंभीरपणे सांगायचे, "न्हाय अजून."

अंगठी नव्हती, पण शोध खरा होता. त्यांच्या मेहुण्याने विंध्याकडून बहिणीला चटणी वाटायला एक दगडी पाटा पाठवला होता. त्यावर बारीक, वाकड्या रेघा होत्या. वहिनी खोबरे-मिरची घेऊन येईपर्यंत मास्तरांनी पाटा जप्त केला.

"अहो आगरवाले, हा दगड म्हणजे एके काळी समुद्राच्या तळचा चिखल होता," ते मला म्हणाले. "इतक्या जुन्या दगडात प्राण्याची खूण अजून कुणाला नीट सापडलेली नाही. आणि इथून बघा, कुणीतरी सरपटत गेलंय. पृथ्वीवरच्या पहिल्या जीवांपैकी असेल."

मला आपला पाटाच दिसला. पण हे सांगताना त्यांचा आवाज इतका हळू व्हायचा, की तो जीव अजून तिथेच आहे आणि दचकेल असे वाटावे.

कैक वर्षे ते त्या रेघा आपल्या खाडीतल्या रेघांशी ताडून बघत होते. अखेर मुंबईच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या मंडळींनी त्यांना दगड घेऊन बोलावले. मास्तरांनी नवा कोट शिवला. आयुष्यात त्यांनी दुसरी कसली हौस केलेली मला आठवत नाही.

जायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. मिठाचा हंगाम सुरू होत होता. आमच्याकडे बाया ओळीने उभ्या राहून वाफ्याचा तळ पायांनी मळून घट्ट करतात, मग त्यात खारे पाणी चढवतात. मास्तर माझ्या आगरात नेहमी यायचे, पण ते बांधापलीकडच्या खाडीत उतरायला. त्या दिवशी गप्पांच्या नादात एका वाफ्याशी आले आणि थबकले. पाण्याखाली तळाला दगडावरच्यासारख्याच रेघा होत्या. बारीक, वाकड्या, दोन्ही टोकांना निमुळत्या.

"हा कुठला किडा?" त्यांनी विचारले.

"किडा कसला, मास्तर? एवढ्या खारात किडा जगतोय होय? खार चढला की मळलेला चिखल आकसतो, त्याच्या चिरा त्या. दर साल पडतात."

मास्तर जोडे काढून आत उतरू लागले. बायजा, आमची जुनी कामकरीण, म्हणाली, "मास्तर, नको उतरू, पाय फुटतील." ते उतरलेच. वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. जिथे जीव आहे तिथलाच चिखल त्यांनी आजवर पाहिला होता. जिथे काहीच जगत नाही, तिथला पाहायचे त्यांना सुचलेच नव्हते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"मास्तर, हे कुणाला ठाऊक आहे? तुम्ही खुशाल जाऊन या," मी म्हणालो.

"चिखलाला ठाऊक आहे ना," ते म्हणाले.

त्यांनी त्या तळाचा एक तुकडा कापून घेतला आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी रेवसहून आगबोटीने आम्ही मुंबईला गेलो. दगड मी उचलला होता. डबा त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही.

कॉलेजात त्यांनी दगडाशेजारी तो चिखल ठेवला. म्हणाले, "मी तुम्हाला प्राणी दाखवणार होतो. तो प्राणी नाही. या नुसत्या चिरा आहेत."

"मग आलात कशाला?" एकाने विचारले.

"पुढे दुसरा कुणी यालाच फसू नये म्हणून."

कुणी हसले नाही. एक वयस्क प्रोफेसर उठले, त्यांनी चिखलावरून बोट फिरवले आणि मास्तरांना आपली खुर्ची दिली. असा माणूस माझा स्नेही आहे याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

परतताना बोटीवर मी विचारले, "वाईट वाटतंय?"

"खूप वाटतंय," ते म्हणाले. मग त्यांनी दगड मांडीवर पालथा केला. मागच्या बाजूला लाटांनी उठवलेल्या बारीक वळ्या होत्या, आपल्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर दिसतात तशाच. "ही बाजू मी कधी नीट पाहिलीच नाही हो. पाणी उथळ होतं, हलत होतं. जागा तयार होती. अजून कुणी आलं नव्हतं, इतकंच."

घरी येऊन त्यांनी वहिनींना म्हटले, "घ्या तुमचा पाटा." वहिनी म्हणाल्या, "आता राहू द्या." मग वहिनींनीच तो देवघराशेजारी ठेवला, वळ्यांची बाजू वर करून.

तेव्हापासून आमच्या आगरात त्या चिरांना "मास्तरचे किडे" म्हणू लागले. मास्तरांना हे नाव भारी आवडायचे. दर हंगामाला ते डबा घेऊन हजर व्हायचे आणि बांधावरूनच विचारायचे, "बायजा, आले का माझे किडे?"

एका पावसाळ्यात तापाचे निमित्त झाले आणि मास्तर गेले. पुढच्या हंगामात तळ मळून झाला, पाणी चढले. सकाळी बायजा वाफ्याशी उभी होती.

"मास्तरचे किडे आले," ती म्हणाली. "मास्तर न्हाय."

त्या वाफ्यात त्या दिवशी मी कुणाला उतरू दिले नाही.