कॅप्टनचं ते वाक्य

अप्पांची आवडती ती युद्धकाळातली इंग्रजी प्रेमकथा पुन्हा छापून आली, हे कळल्यावर मी ती लगेच मागवली. त्यांची प्रत जवळच्या मरुदानल्लूरला भजनाला आलेल्या कुणा पाहुण्याने वाचायला नेली, ती नेलीच. पुढे अप्पाही गेले. आईच्या मनातून मात्र त्यातला कॅप्टन काही गेला नाही.

आईला इंग्रजी येत नाही. तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांच्या सोसायटीतल्या कामावरून अप्पा घरी आले की ती केळफूल निवडायला बसायची आणि ते समोर बसून इंग्रजी पान आमच्या घरच्या जुन्या मराठीत वाचून दाखवायचे. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी. आघाडीवरचा कॅप्टनही आमच्याकडे तीच बोलायचा. निघताना तो नर्सला म्हणायचा, "तूं समोर नसलीस तर मला घास उतरत नाहीं." त्यावर आई दरवेळी अप्पांना टोमणा मारायची, की बघा, माणसं कशी बोलतात. अप्पा चष्मा पुसत बसायचे.

आता रोज संध्याकाळी मी तिला वाचून दाखवू लागले. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पुस्तक अगदीच पुळचट निघालं. बॉम्ब पडतात तरी नायिकेची लिपस्टिक हलत नाही. इस्पितळातला फितूर कोण, ते आपल्याला तिसऱ्याच प्रकरणात कळतं. नर्सला तेवढं शेवटपर्यंत कळत नाही. वाचताना अप्पांची इतकी आठवण यायची की पान उलटवत नसे. आई मात्र केळफूल पुढ्यात घेऊन त्या एका वाक्याची वाट पाहत होती.

निरोपाचं पान आलं. कॅप्टन घड्याळ बघतो, नर्सचं चुंबन घेतो, गाडीत चढतो. बस्स. मी पुढची पानं चाळली, मागची चाळली. वाक्य नव्हतंच. वाटलं, आपणच घालावं. पण अप्पांचा आवाज मी कुठून आणणार? मी तिला खरं ते सांगितलं.

आईने पुस्तक मागून घेतलं आणि त्या पानावरून चीक लागलेला हात फिरवला.

"मग तें कोण म्हणालें गे?"

पुस्तक मिटून तीच म्हणाली, "मलाच म्हणत होते तुझे अप्पा. आणि मी जन्मभर त्या कॅप्टनाचें कौतुक करीत बसलें."