बुडालेल्या रस्त्यावरचा हॉर्न
तापलेल्या ब्रेकवर पाणी पडल्याचा वास आला की मला ती जीप आठवते. धरणाचं पाणी कुठवर चढलं ते पाहायला आम्ही अड्याळहून निघालो होतो. आमचे ड्रायव्हर काका भारी सावध माणूस. धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाडी कधी तिरपी घालायचे नाहीत, सरळच चढवायचे. आणि पाणी लागलं की आधी उतरून, काठी टेकत स्वतः चालून पाहायचे. तळ पायाला कळल्याशिवाय चाक पाण्यात घालायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या संध्याकाळी उतार संपला तिथं समोर नुसतं पाणी होतं आणि त्यातून एका चिंचेचा वाळलेला शेंडा वर आला होता. काका उतरले नाहीत. पहिल्या गिअरवर त्यांनी गाडी सरळ आत घातली. पाणी माझ्या चपलांत शिरलं. "काका, कुठं जाऊन राहिले? उतरून पाहा न!" मी ओरडलो. "कायले पाहाचं, बाबू? आमच्या गावचाच रस्ता हाय," ते शांतपणे म्हणाले. त्यांचं गाव इथंच बुडालं, हे मला तेव्हा कळलं. चिंचेच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि दोनदा हॉर्न वाजवला, घरी पोचल्यावर वाजवतात तसा. पाण्यावरच्या लाटा विरेपर्यंत ते वाट पाहत बसले. मग गाडी तशीच उलटी काठावर काढत म्हणाले, "घरी कोणी नाही वाटते." आता जीप मी चालवतो. पाण्यापाशी आलो की हॉर्नवरून हात काढून घेतो. न जाणो, एखादं दार उघडलं तर?