ऊठ गं सखू

"ऊठ गं सखू. दिसू दे लोकास्नी."

तात्या माईकमधून बोलले आणि इंदापूरच्या त्या हॉलमध्ये कडेच्या खुर्चीवर बसलेली माझी आई उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. हात जोडले. कुणाला जोडायचे ते तिला कळेना, म्हणून चारी बाजूंना वळून जोडले.

"ही हिची आई. आजबी आमच्या गोठ्यात हाय. शेण काढती. आन लेक बघा हिची, स्टेजवर बसलीया! त्या समाजातली पोर. पर आमी कधी भेद केला न्हाय."

हॉलभर टाळ्या. टाळ्या थांबल्या तरी आई उभीच. बस, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. आणि मोठ्या माणसानं म्हटल्याशिवाय बसायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. माझं भाषण सुरू झालं तेव्हाही ती उभी होती. शेवटी मागच्या एका बाईनं पदर ओढून तिला खाली बसवलं.

हा माझा परिचय होता. व्याख्याती म्हणून पहिला.

वक्ता बोलायच्या आधी त्याचा परिचय करून देतात. शिक्षण काय, काम काय, विषय काय. त्याचा कागद वक्त्यानं आधी पाठवायचा असतो. मी पाठवला होता. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिलेला. बी. ए. मराठी, प्रथम श्रेणी. बारामती एमआयडीसीतल्या दूध डेअरीत पॅकिंगला सहा वर्षं. विषय: कामावरची बाई आणि तिचे हक्क. तात्यांनी तो कागद हातात घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. म्हणाले, "ह्येची काय गरज? हिला आमी ल्हानपणापास्नं वळखतो."

आणि मी काय केलं? मी उठले, माईकपाशी गेले आणि म्हणाले, "तात्यांचे आशीर्वाद नसते, तर मी आज इथं नसते."

हे वाक्य माझ्या भाषणात नव्हतं. भीतीनं ते आयतं तोंडात आणून ठेवलं.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. आमचं गाव वडगाव निंबाळकर. तात्यांचा ऊस, तात्यांची जनावरं, शाळेच्या संस्थेवर तात्या. लहानपणी आईबरोबर मी त्यांच्या गोठ्यात जायची. मी काही बोलायला लागले की आई तोंडावर हात ठेवायची. "हळू बोल. मालक हायती घरात." मालक घरात नसायचे तेव्हाही ती हळूच बोलायची. मग शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही माझा घसा कोरडा पडायचा.

बोलायला शिकले ते डेअरीत. पिशव्या भरायच्या मशीनचा आवाज एवढा मोठा, की शेजारच्या बाईला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो. त्या आवाजात मी भाषणं म्हणायची. पोटातून, जोर लावून. कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून भीती वाटत नव्हती. बाया हसायच्या. "हिचं आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला!" पुढे बारामतीजवळ जळोचीत खोली घेतली. तिथल्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला सूत्रसंचालन केलं, मग एका महिला मेळाव्याला. पाय लटलट कापायचे, हातातला कागद माईकपाशी फडफडायचा. म्हणून कागद पुठ्ठ्यावर लावायची युक्ती काढली. भीती गेली नाही, पण तिचा आवाज बंद झाला.

आणि मग इंदापूरची व्याख्यानमाला. तात्यांनीच नाव सुचवलेलं. आईला त्यांनी स्वतःच्या गाडीतून आणलं. मला केवढा आनंद झाला होता! आईनं मला कधीच ऐकलं नव्हतं.

परत येताना आई माझ्याबरोबर एसटीत होती. भिगवण येईपर्यंत बोलली नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गाडीत म्होरं जागा हुती. मला मागं बशिवलं, पेंडीच्या पोत्यावर."

मी तिकिटाची घडी घालत राहिले.

"आन तितं उभी केली. बाजारात गाय उभी करत्यात तशी. दात तेवढे बघायचे ऱ्हायले."

मी काय म्हटलं ते मला अक्षरशः आठवतं. आठवू नये असं वाटतं, तरी आठवतं. मी म्हटलं, "आई, अजून दोन-चार कार्यक्रम कळ काढ. एकदा जम बसू दे माझा."

आई म्हणाली, "बरं."

जम बसायला लागला. निमंत्रणं यायला लागली. शाळा, बचतगट, जयंत्या, कॉलेजचं स्नेहसंमेलन. फ्लेक्सवर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: गोठ्यापासून व्यासपीठापर्यंत. हे नाव मी दिलेलं नव्हतं. कुणी दिलं तेही माहीत नाही. मी माझा विषय सांगितला की फोनवरचा माणूस म्हणायचा, "मॅडम, ते हक्काबिक्काचं राहू द्या. तुमचं गोठ्याचं सांगा. बाया रडल्या पाहिजेत." आणि फोन ठेवता ठेवता, "आईंना आणता आलं तर लय बरं होईल."

मी सांगायला लागले. आईच्या टाचांच्या भेगा. शेणानं हिरवी झालेली नखं. कुठे थांबायचं ते मला कळायला लागलं. टाचांपाशी थांबलं की पहिल्या रांगेत पदर डोळ्यांना लागतो. तिथं मी थांबायची, पाणी प्यायची आणि मनात पाचपर्यंत मोजायची. हे मी करत होते. माझ्या आईच्या टाचांवर.

एक गोष्ट मात्र मी कुठेच सांगितली नाही. कप.

तात्यांच्या गोठ्यात मधल्या खांबाला एक खिळा आहे. त्याला आईचा स्टीलचा कप अडकवलेला असतो. तो आईनं स्वतः विकत आणलेला. सकाळी तात्यांची सून किटली घेऊन येते आणि वरून चहा ओतते. कप किटलीला लागत नाही. मग आईनं तो नळावर धुवायचा आणि परत खिळ्याला अडकवायचा. मला समजायला लागल्यापासून तो कप तिथंच आहे. तात्यांच्या घरात कधी गेला नाही.

शेण सांगितलं की लोक रडतात. गरिबी म्हणतात त्याला, आणि गरिबी कुणी केलेली नसते. कप सांगितला तर लोक विचारतील, कुणाचा गोठा? म्हणून मी कप गिळला. प्रत्येक भाषणात. आणि "आमी कधी भेद केला न्हाय" ह्या वाक्यावर मान हलवत राहिले.

आईला आणखी दोनदा उभं केलं. एकदा माळेगावला, एकदा आमच्याच गावात, जिथं तिला सगळे ओळखतात.

मग तात्यांची पंच्याहत्तरी आली. बारामतीत मोठा सत्कार. मुख्य भाषण माझं, कृतज्ञतेचं. आईनं तात्यांना ओवाळायचं. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं, फक्त आईचं नाव नव्हतं. "एका कष्टकरी मातेच्या हस्ते औक्षण."

त्या दिवशी सकाळी मी आईला न्यायला वडगावला गेले. ती केस विंचरत होती. आरशात बघतच म्हणाली, "येते मी. पर मला उभं करू नगंस."

करू नगंस. आरशातूनच, पण माझ्याकडे बघून म्हणाली. तात्यांना नाही, मला.

तोपर्यंत मी समजत होते, उभं करणारे ते. मी आपली बिचारी बाजूला. पण आईच्या हिशेबात तिला उभं करणारी मी होते. आणि तिचं काय चुकलं?

बारामतीला जाताना एसटीत मला घाम फुटला होता. आई खारे शेंगदाणे खात होती. मला पुढे करून म्हणाली, "खा. रिकाम्या पोटी बोलू नये."

हॉल भरलेला. पुढच्या दोन रांगांत मोठी माणसं, पांढरे कपडे. आई तिसऱ्या रांगेत. माझ्यासमोर उभा माईक, तात्यांच्या हातात दुसरा. सत्कार त्यांचाच, पण माझा परिचय करून द्यायला ते स्वतः उठले.

"आता आमच्या घरची पोर बोलंल. हिची आई हितं हाय. ऊठ गं सखू."

आईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. तिचे हात पुढच्या खुर्चीवर गेले. गुडघे अर्धे सरळ झाले. तिला सवय होती.

"आई, उठू नकोस."

हा आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. बारीक, फाटका. माईक किंचाळला. पांढऱ्या टोप्या मागे वळल्या, मग पुढे वळल्या.

तात्या हसले. "आगं, उठू दे की. कवतिक हाय तिचं."

"नको तात्या. तिला उठायचं नाही."

आई तशीच अर्धवट. मला वाटलं, आता ती उठणार. आता ती उठली तर मी मेले. मी पोडियमची कड एवढी घट्ट धरली होती की बोटं बधिर झाली. मग आई खाली बसली. खुर्ची फरशीवर करकरली. पदर नीट केला आणि बसली.

"माझा परिचय मी देते," मी म्हटलं. कागद आणलाच नव्हता. "बी. ए. मराठी, प्रथम श्रेणी. दूध डेअरीत पॅकिंगला आहे. विषय, कामावरची बाई आणि तिचे हक्क. माझी आई तात्यांच्या गोठ्यात काम करते. तिथं चहा मिळतो. तिचा कप गोठ्यातल्या खांबाला टांगलेला असतो. चहा वरून ओततात. तो कप घरात..."

माईक बंद झाला. कुणी केला ते मी बघितलं नाही. वायर निघाली म्हणाले नंतर. निघाली असेल.

मी बोलत राहिले. पोटातून, जोर लावून, मशीनपाशी बोलायची तशी. पाय कापत होते, तरी आवाज जात होता. किती लांब गेला? मागच्यांनी सांगितलं, काही कळलं नाही. तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. मला तेवढा पुरे होता.

कुणी टाळी वाजवली नाही. मी खाली उतरले, आईचा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो. ओवाळायचं ताट स्टेजवरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी आईकडेच होते, तेव्हा तिला तात्यांच्या मुलाचा फोन आला. आई स्पीकरवर टाकून बोलते, म्हणून मीही ऐकलं.

"सखू, उद्यापास्नं यिऊ नगं."

"बरं. माझा कप हाय तितं."

"कसला कप?"

आईनं फोन ठेवला. इतकी वर्षं रोज त्या खांबापाशी गाडी लावणारा माणूस. "त्याला म्हाईतच न्हाय गं," आई म्हणाली. मला वाटलं रडेल. पण तिचं तोंड रागानं लाल झालं होतं. आईला रागावलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

ठरलेले कार्यक्रम रद्द झाले. "हॉल मिळाला नाही, मॅडम." मामा म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर करतीस व्हय?" डेअरीत सुपरवायझरनं बोलावून सांगितलं, राजकारण गेटच्या बाहेर. जळोचीत माझ्या खोलीसमोर एक मोटारसायकल दोनदा हळू झाली. कुणाची असेल, कशाला थांबली असेल, मला माहीत नाही. शेजाऱ्यांकडे आलेलाही असेल कुणी. पण त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की मी कडी लावते, आणि लावली का ते परत उठून बघते.

भीती गेलेली नाही. ती जाते असं सांगणारे वक्ते आहेत, त्यांचे कार्यक्रम जोरात चालतात. मला ते सांगता येणार नाही.

गेल्या आठवड्यात इंदापूरहून एका बाईचा फोन आला. कारखान्यात काम करणाऱ्या बाया, पंधरा-वीसच. हॉल नाही, माईक नाही, एकीच्या घराच्या पत्र्याखाली बसायचं. "याल का?" मी म्हटलं, येईन. विषय माझा असेल. परिचय मीच देईन. फ्लेक्सवर गोठा नको. ती म्हणाली, "फ्लेक्स कुठला आलाय, बाई!"

हीच अट मी आता सगळ्यांना सांगते. बहुतेक जण "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. नाही कळवलं तर नाही. मी मशीनपाशी बोलेन. पण आईच्या टाचा आता मी कुठल्याही स्टेजवर मांडणार नाही. कप मांडणार. गोठा कुणाचा असं विचारलं, तर सांगणार. घसा कोरडा पडेल, तरी सांगणार.

इंदापूरला आई येणार आहे. तिनं स्वतःच विचारलं, "बसायला काय हाय तितं?" मी म्हटलं, सतरंजी असेल. म्हणाली, "चालंल. मी म्होरं बसणार."

पाय कापतील माझे. कापू देत. उभी मी राहीन. आई बसलेली असेल, आणि तिला ऊठ म्हणणाऱ्या माणसानं आधी माझ्याशी बोलायचं.