धोंडूमामांचा रस्ता

आमच्या लालबागच्या चाळीत गावाहून कोणी नवा माणूस आला, की त्याला मुंबईचे रस्ते धोंडू परबांनी दाखवायचे, अशी पद्धत होती. धोंडूमामा स्वतः कणकवलीहून इथे आले तेव्हा त्यांच्या चुलत्यांनी त्यांना गिरणीपर्यंत चालत नेले होते आणि वाटेत एकच नियम सांगितला होता. चुकलास तर हलायचे नाही. जिथे आहेस तिथेच उभा राहा, मी येतो.

पुढे मामांनी हाच नियम सांगून कितीतरी जणांना शहरात सोडले. ती माणसे आता डोंबिवली-विरारला राहतात. मुलांच्या लग्नाची पत्रिका द्यायला चाळीत आली की पहिली मामांच्या हातात देतात आणि बायकोला सांगतात, "मुंबईचा रस्ता ह्यांनी दाखवला मला." गिरणी गेली. नंतर कापडाच्या दुकानाची पार्सले सायकलवरून पोचवायचे काम मिळाले, तेही गेले. हा मान तेवढा राहिला होता. मिरवायला मामांकडे दुसरे काही नव्हते.

मागच्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, मनवा, कोल्हापूरहून परळला नोकरीसाठी आली आणि मामांच्याच खोलीत राहू लागली. तिच्याबरोबर तिची शर्यतीची सायकल आली. पातळ चाकांची, एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. कोल्हापूरला ती रोज पहाटे पन्हाळा चढून यायची. इथे आल्यावर तिला पहिली गरज लागली ती रस्त्याची. मोकळा, फार न थांबता पाय चालवता येतील असा.

"मामा, सकाळी सायकल कुठं मारायची?" तिने विचारले.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. किती तरी वर्षांनी त्यांना कोणी रस्ता विचारला होता.

"शिवडीक जा गो. गिरणीच्या गेटावरून उजवीकडे वळ, चिमणी दिसली की सरळ. पहाटे चिटपाखरू नसता तिथे. आणि चुकलंस तर हलू नको. उभी रव. मी येतंय."

गिरणीच्या जागी आज काचेचा टॉवर आहे आणि चिमणी पाडली तेव्हा मनवाचा जन्मही झाला नसावा. ती फोन बघत शिवडीला पोचली. तिथे गोदामांबाहेर ट्रेलरची रांग होती आणि रस्त्यावर खडी. परतली ती सायकल खांद्यावर घेऊन, पुढचे टायर फाटलेले, कोपराची साल निघालेली.

"मामा, तुमचा रस्ता कधीच मेलाय!" ती गॅलरीतूनच ओरडली. "गिरणीच्या गेटावरून म्हणे! मेलेल्या माणसाला पत्ता विचारल्यासारखं झालं."

शेजारचा वसंत दात घासत उभा होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून चाळीत काहीही बिघडले की ते धोंडूमामांच्या रस्त्याला लागले. मोरी तुंबली की वसंत म्हणे, "पाणी धोंडूमामांच्या रस्त्यानं गेलं वाटतं." मामा समोर असले तरी म्हणे. समोर असले की जरा मोठ्याने म्हणे.

मामांनी जिन्याखालची पार्सलची जुनी सायकल काढली, चेनला तेल दिले आणि पहाटे बाहेर पडू लागले.

"ह्या वयात खंय पडलात तर उचलूक कोण येतलो?" रखमामामींनी विचारले.

"तिका एक रस्तो काढून दितंय. एकच."

परळला अॅम्ब्युलन्स आणि टॅक्स्या. अँटॉप हिलला चढ चांगला, पण सरकारी वसाहतींत पावलापावलावर गतिरोधक. असे बघत बघत ते माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनला पोचले. रुंद, गोल फिरून येणारे रस्ते, वर झाडांची सावली, मध्ये सिग्नल नाही. तिथे ते रोज जाऊ लागले. एका वळणावर खडी पसरलेली होती. चाक घसरू नये म्हणून त्यांनी ती पायाने बाजूला सारली.

तोवर मनवाला टॉवरमधला सायकलवाल्यांचा ग्रुप मिळाला होता. ते गिरगाव चौपाटीवरून नरिमन पॉइंटपर्यंत जात, आणि तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते म्हणून कुरकुरत. मामा रोज तिला विचारत. ती रोज उद्या म्हणे. शेवटी एका रविवारी म्हणाली, "चला, एकदाचं बघून टाकू."

मामा पुढे, ती मागे. त्यांच्या वेगाने जाताना तिचा तोल राहत नव्हता, म्हणून ती नागमोडी चालवत होती आणि हे त्यांना ऐकू जाईल असे सांगतही होती. पोचल्यावर म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा. मी दोन फेऱ्या मारून येते."

पहिल्या फेरीला ती समोरून सुसाट गेली. "मामा, रस्ता भारी आहे!" तोंडभर हसत, न थांबता.

दुसऱ्या फेरीत तिने पलीकडच्या टोकाला थांबून ग्रुपला फोन केला. ते आले. सगळ्यांनी रस्ता तपासला, सगळ्यांना पसंत पडला. मग सगळे इडली खायला गेले आणि तिथून घरी.

"मामा खंय?" मामींनी दारातच विचारले.

"आले नाहीत? मला वाटलं, गेले असतील पुढं." मनवा आंघोळ करून झोपली. मामांचा फोन घरीच चार्जिंगला होता.

"जातील कुठं?" वसंत म्हणाला. "कुणाला तरी गिरणीचं गेट दाखवत असतील."

दुपारी मामी माझ्या दारात आल्या, तेव्हा मी टॅक्सी करून फाइव्ह गार्डनला गेलो. मनवाने थांबायला सांगितलेल्या कोपऱ्यावरच मामा उभे होते. सावली केव्हाच सरकून पलीकडे गेली होती. चार पावलांवर बाक होता, पण बाक झाडाआड होता, तिथून रस्ता दिसत नव्हता.

"मामा, चला घरी."

"ती येतली रे. मीच सांगलंय तिका, हलूचा नाय म्हणून. मी हललंय आणि ती इली तर?"

"मनवा घरी आहे. झोपली आहे."

मामांनी सायकलच्या सीटवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. टॅक्सीत ते बसले नाहीत. सायकल हातात धरून चालत आले. गॅलरीत वसंत उभाच होता.

आता ग्रुपने त्या रस्त्याला अॅपवर नाव दिले आहे, मनवा लूप. परळ-लालबागची बरीच माणसे रविवारी तिथे जातात. वसंतलाही डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, त्याने सायकल घेतली. परवा गॅलरीत त्याने मामांना गाठले.

"काय मामा, हे मनवा लूप कुठं आलं? तुम्हाला माहीत असणार."

मामा दाराशी पाय पसरून बसले होते. "नाय रे," ते म्हणाले. "त्या बाजूक मी कधी जाऊक नाय."

"थांबा वसंतकाका, मी लोकेशन पाठवते," मनवा आतून म्हणाली.

मामांनी पाय जवळ घेतले. सायकल बाहेर काढताना तिला दारात जागा लागते.