टाइपरायटरची जोडी

माझा नवरा बैलांना भीत होता. शेतकऱ्याच्या घरात जन्मून बैलांना भिणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. बैलाने मान हलवली की हा कासरा टाकून शेताच्या कडेला धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा. म्हणून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला अमरावतीला टायपिंग शिकायला पाठवलं. इंग्रजी टायपिंगची परीक्षा तो पास झाला. नोकरी मात्र लागली नाही.

मग एक जागा निघाली. अमरावतीच्या एका कचेरीच्या व्हरांड्यात बसून लोकांचे अर्ज टाइप करून देणारा म्हातारा काम सोडणार होता. तो नवऱ्याला म्हणाला, "सोमवारी मशीन घेऊन ये अन् बस. नाई आला तर दुसऱ्याले बसवतो." जागा मिळाली तर आम्ही अमरावतीच्या भाड्याच्या खोलीतच राहणार, नाही मिळाली तर चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावी परत. तिथे लोकांच्या शेतात नवऱ्याला बैल आणि मला निंदण. शेतात वाकून वाकून माझी पाठ तेव्हाच गेली होती. मला गावी जायचं नव्हतं.

मशीन मामाजी घेऊन देणार होते. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी शेत अर्ध्या वाट्यावर बटईने दिलं होतं आणि बैलजोडी विकली होती. बैल विकत घ्यायचा असला की दुरून दुरून लोक त्यांना न्यायला येत. त्यामुळे मशीनही तेच पाहणार, यावर घरात चर्चा झाली नाही. मलाही बरोबर घेतलं.

"घरात जे वैरण घालते, तिनं बी पाहून घ्यावं," ते म्हणाले.

"मामाजी, ते वैरण खात नाही."

"पाहू," म्हणाले.

रेल्वेने अकोल्याला गेलो. तिथे जुनी मशीनं विकणारं एक दुकान होतं. दुकानदार पुण्याकडचा, फार गोड बोलणारा. "काम कशा प्रकारचं आहे आपलं? त्याप्रमाणे मशीन सुचवतो," असं तो म्हणेपर्यंत मामाजी टेबलाच्या मागे गेले होते. बैल आधी मागून पाहतात. मागून पाहिलं, वाकून पाय पाहिले, मग पुढे येऊन पहिल्या मशीनचं झाकण उचललं आणि आत बोट घालून अक्षरांच्या दांड्या चाचपल्या.

"दात झिजले हाय याचे."

"ती अक्षरं आहेत," दुकानदार म्हणाला.

"तेच सांगून राहिलो. म्हातारं हाय."

दुसरं मशीन नवऱ्याला आवडलं. बोटाखाली हलकं चालत होतं. त्याने एक ओळ टाइप केली, ओळ संपत आली आणि घंटी वाजली. मामाजी मागे सरकले.

"याले घंटी काहून बांधली?"

"ओळ संपत आली हे कळावं म्हणून."

"लंगडं जनावर खपवाचं असलं का घंटी बांधतात. माणूस घंटीकडे पायते, पायाकडे पायत नाई. हे नको."

नवरा म्हणाला, "बाबा, घंटी सगळ्याइलेच असते."

"तू बोलू नको. तू वासराले भेते."

तिसऱ्या मशीनची घंटी बिघडलेली होती, म्हणून ते मामाजींना प्रामाणिक वाटलं. आता त्याची ताकद पाहायची होती. बैलाची ताकद पाहताना गाडीची चाकं बांधतात आणि भरली गाडी ओढायला लावतात. मामाजींनी कागदाच्या सरकत्या दांड्याला अंगठा लावला आणि नवऱ्याला म्हणाले, "हाण." नवरा टाइप करत राहिला. अक्षरावर अक्षर बसून कागदाला भोक पडलं, पण दांड्याने शेवटी अंगठा ढकलला.

"दम हाय," मामाजी म्हणाले. "आता याचा जोडीदार दाखवा."

दुकानदाराने चष्मा काढून पुसला. "जोडीदार म्हणजे?"

"एकटा बैल घेऊन काय करू? आमच्या गोठ्यातून जोडी गेली, तं जोडीच येईन."

आम्ही दोघांनी समजावलं. नवरा म्हणाला, मला हात दोनच आहेत. मी म्हणाले, मामाजी, उद्या सोमवार आहे, एक तरी घ्या. ते ऐकेनात. जोडी नाही तर काहीच नाही, गावी चला. मी दुकानात नजर फिरवली. कोपऱ्यात कापडाखाली एक मशीन होतं, तेवढंच उंच, तसंच काळं. त्यावर मराठी अक्षरं होती. ते कोणी घेत नाही, असं दुकानदार म्हणाला. मामाजींनी दोन्ही शेजारी ठेवून खांदे मापले आणि खूश झाले.

मग त्यांनी उपरण्याखाली दुकानदाराचा हात धरला. बाजारात बैलाचा भाव असा बोटं दाबून ठरतो, चारचौघांना ऐकू जात नाही. दुकानदाराला हे कुठून माहीत असणार? एक म्हातारा आपला हात धरून डोळ्यांत बघतो आहे, एवढंच त्याला कळत होतं. तो घाबरून मान हलवत राहिला.

"सौदा झाला," मामाजी म्हणाले. दुकानदारही हो म्हणाला. मला वाटतं, त्याला फक्त हात सोडवून घ्यायचा होता.

अमरावतीच्या खोलीवर आल्यावर मामाजींनी मला, दारात आलेल्या नव्या बैलांना घालतात तसं, नव्या जोडीच्या पायांवर पाणी घालायला सांगितलं. मी मशीनच्या रबरी पायांना ओलं बोट लावलं आणि कुंकू लावलं. त्यांना ते कमी वाटलं, पण मी तांब्या दिला नाही.

सोमवारी जागा मिळाली. पण त्या सुमारास कचेरीचं काम मराठीत होऊ लागलं होतं. जो येई तो मराठी अर्ज मागे. नवऱ्याला टायपिंग इंग्रजीच येत होतं, मराठी अक्षरांवर त्याची बोटं चालेनात आणि शेजारी हाताने अर्ज लिहिणारे अर्जनवीस आमच्या जागेकडे पाहू लागले. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं मला येत होती. मी मराठी मशीनसमोर बसले आणि एका बोटाने, शोधत शोधत, एका माणसाचा विहिरीचा अर्ज टाइप करू लागले. नवरा नुसता बघत होता. व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले मामाजी उठून आले.

"तू काहून थांबला? सगळं ओझं तिच्यावर येऊन राहिलं. जोडीनं चाल."

"पण मी काय टाइप करू?"

"मले काय माहीत. चाल."

नवऱ्याला परीक्षेसाठी पाठ केलेलं एकच इंग्रजी पत्र येत होतं. कोण्या व्यापाऱ्याने मागवलेल्या छत्र्या पाठवत आहोत, असं काहीतरी. तो ते टाइप करू लागला. मी विहीर, तो छत्र्या. दोघांचे कागद एकदम संपले. त्या माणसाला वाटलं दोन्ही आपलेच. त्याने टाचणी लावली आणि आत नेऊन दिले. कारकुनाने दोन्हींवर शिक्का मारला.

आठवडाभर मामाजी पायरीवर होते, म्हणून आठवडाभर असंच चाललं. वाटणीच्या अर्जाला छत्र्या, रस्त्याच्या अर्जाला छत्र्या. ते गावी गेल्यावर नवऱ्याने हात आवरला. दुसऱ्याच दिवशी एक बाई आतून परत आली. कारकुनाने अर्ज घेतला नव्हता.

"ते मनतात, याचा इंग्रजी कागद कुठी हाय? त्याच्याबिगर घेत नाई मनतात."

शेजारच्या अर्जनवीसांचे अर्जही त्या दिवशी परत आले; कारकुनाने आता तो कागद सगळ्यांनाच लागू केला होता. त्यांच्याकडे इंग्रजी मशीन नव्हतं. त्यांची माणसं आमच्यापुढे येऊन उभी राहिली. नवरा म्हणाला, आत जाऊन खरं काय ते सांगून येतो. मी त्याला खाली बसवलं आणि म्हटलं, छत्र्या टाइप करा.