मावशींना नोटीस

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहते, त्यांना मी मावशी म्हणते. त्या मूळच्या पुण्याच्या. नवरा गेल्यापासून मागच्या दोन खोल्यांत राहतात आणि पुढचं जुनं लाकडी घर भाड्यानं देतात. मी राहायला आले त्या दिवशी त्यांनी वरणभात पाठवला. चूक तिथंच झाली. ज्यांचं वरण खाल्लं त्यांच्याशी भाडेकरू म्हणून बोलायला मला जमेना.

मार्चमध्ये, इथला उन्हाळा संपता संपता, माझी मुलगी नोकरीसाठी इथं माझ्याकडे राहायला आली, सोबत एक वर्षाचा नातू. तो खिडकीच्या चौकटीला धरून उभा राहायचा आणि चौकट चाटायचा. तिच्यावरचा रंग पापुद्रे धरून सुटत होता. असल्या घरांच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं हे मला माहीत होतं. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. मावशींना सांगितलं.

"उन्हाळ्यात बघू गं. माझी दोन्ही पोरं याच खिडक्यांना धरून उभी राहिली," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावून परत आले आणि ओल्या फडक्यानं चौकट पुसत राहिले. सगळी थंडी अशीच गेली. शेवटी मुलीनंच एक पापुद्रा प्रयोगशाळेत पाठवला. शिसं निघालं, भरपूर.

"आई, तुझ्या त्या मावशी असतील," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या लँडलॉर्ड आहेत."

मी तो रिपोर्ट घेऊन पुन्हा मागच्या खोल्यांत गेले. मावशी म्हणाल्या, "मग तुम्हीच घासून रंग मारा ना, डबा मी आणते."

कोरडं घासलं असतं तर विषारी धूळ घरभर झाली असती. मग मात्र मी चौदा दिवसांची नोटीस लिहिली: खिडक्या घरमालकानं सुरक्षितपणे दुरुस्त करून द्याव्यात, नाहीतर मी भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या लवादाकडे जाईन. समोर द्यायची हिंमत नव्हती. ईमेल केली.

मावशी फोन हातात धरूनच आल्या. "नोटीस? मला? काल माझ्याकडे चहा प्यायलीस ना गं?"

"रागवा मावशी, पण खिडक्या करून द्या."

"आणि घर सोड म्हटलं तर?"

"तक्रार केली म्हणून कायद्यानं काढता येत नाही."

"तेही वाचून ठेवलंयस वाटतं! फार शहाणी."

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. पण मुदतीच्या आत त्यांनी बोलावलेले रंगारी आले, धूळ पसरू नये म्हणून प्लास्टिक ताणून त्यांनी जुना रंग काढला. तेवढे दिवस आम्ही मोटेलात राहिलो आणि नातवाचं रक्तही तपासायला दिलं.

परत आलो आणि नातवाच्या रक्ताचा रिपोर्ट मिळाला. शिसं होतं. औषध लागेल इतकं नाही, पण असायला नको तेवढं. काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. मुलीनं रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि पोराला घेऊन आत गेली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

मावशींनी दारातूनच विचारलं, "काय आलं रक्तात?"

मी सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. "माझ्या पोरांचं आम्ही कधी तपासलंच नाही गं. हे दर उन्हाळ्यात त्या खिडक्या घासायचे आणि पोरं तिथंच खेळायची."

त्यांची पोरं आता पन्नाशीला आलीत, धडधाकट आहेत, असं मला म्हणता आलं असतं. पण धीर द्यायला मी कोण? "पुन्हा तपासायला नेऊ तेव्हा येता का?" एवढंच विचारलं.

आल्या. नर्सनं रक्त घ्यायला सुई काढली तशी नातवानं आईला मिठी मारली. त्याचा हात कुणीतरी धरायला हवा होता. मावशी माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे.

"अरे, कुणीतरी धरा ना," मुलगी म्हणाली.

मी धरला.